चाळीस दिवसांचं वळण

बाविसाव्या मजल्यावरच्या पाळणाघरात रोज सकाळी दहा वाजता अकरा पोरं गुडघ्यांवर बसून काचेला थापा मारायची. दोनशे थापा. सगुणामावशी मोजायच्या, आणि शंभराच्या पुढे त्यांचाच आकडा चुकायचा.

हा खेळ केतकी भोईटेने सुरू केला होता. काचा बसवणाऱ्या ठेकेदाराकडे ती मानक तपासनीस होती. तिची अडीच वर्षांची निहिरा त्या अकरांत होती.

शहरातल्या व्यापारी इमारतींना तोवर सगळीकडे सवयकाच लागली होती. ही काच हाडासारखी वागते. भार पडेल तिथे हाड दाट होतं, तशी ही काच वारंवार दाब येईल तिथे घट्ट होत जाते. म्हणून बसवल्यावर चाळीस दिवस तिला रोज दोनशे थापा द्यायच्या, असं मानक संहितेचं कलम होतं. कामगार त्याला ‘काचेला वळण लावणं’ म्हणत. थापा द्यायच्या जमिनीपासून सव्वा मीटरवर, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. व्यापारी इमारतीत रांगणारं कोण असणार?

मग या मजल्यावरचं ऑफिस गेलं आणि पाळणाघर आलं. निहिराला काचेला नाक लावून खालचा रस्ता बघताना पाहिलं, तेव्हा केतकीने धावत जाऊन तिला मागे ओढलं. त्या उंचीला सात वर्षांत कुणाचा हातही लागला नव्हता. इमारतीचा मालक नवी काच घालायला तयार होईना. शेवटी तिने बाहेरून जाळी बांधून घेतली आणि कलम जसंच्या तसं लावलं, फक्त उंची बदलून. मोठ्यांनी काचेला टेकू नये म्हणून जमिनीवर लाल पट्टीही चिकटवली.

आज चाळीस दिवस पूर्ण झाले. सकाळीच जाळी उतरली होती. ज्यांच्या प्रयोगशाळेत ही काच जन्मली, ते डॉ. तुळपुळे मापक घेऊन आले होते.

“सर, आधी खाली बघा.”

“बघतोय गं. दहावीचा निकाल असल्यासारखी काय उभी आहेस!” त्यांनी गुडघ्याच्या उंचीला मापक टेकवलं आणि भुवया उंचावल्या. “अगं, ही हत्ती अडवेल.”

केतकीला एकदम हसू फुटलं, डोळेही भरले. “मावशी, पास झालो!”

“सुटले बाई,” सगुणामावशी म्हणाल्या. “माझं तर झोपेतही मोजणं चालायचं.” आणि त्या वाकून लाल पट्टी उचकटायला लागल्या.

तुळपुळे मात्र आकड्याकडेच बघत होते. “ही काच किती जुनी?”

“सात वर्षं.”

“आणि तू कलम लावलंस नव्या काचेचं.”

“दुसरं आहेच कुठे, सर?”

“नव्या काचेत राखीव ताकद असते. पहिल्या चाळीस दिवसांत ती वाटून संपते. त्यानंतर काच ताकद तयार करत नाही, केतकी. इकडची तिकडे नेते. कुणी टेकत नाही तिथली काढून घेते.”

“संहितेत असं काही नाही.”

“नाहीच. जुन्या काचेला कुणी दुसरं वळण लावेल, हे आम्हाला सुचलंच नाही.” त्यांनी मापक छातीच्या उंचीला नेलं. आकडा शून्यावरून हललाच नाही.

चाळीस दिवस तिथे एकही मोठा हात लागला नव्हता. तिनेच लागू दिला नव्हता.

“बघ निहू, आई किती खूश झाली!”

केतकी वळली. पट्टी निघाली होती. त्याच लांबलचक काचेच्या दुसऱ्या टोकाला सगुणामावशी निहिराला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांची पाठ आणि काच यांत वीतभरही अंतर नव्हतं. ओरडलं तर दचकून त्या मागेच जातील.

“मावशी,” केतकी हळू म्हणाली, “पुढे या. हळूच.”

“आलेच की,” असं म्हणून त्यांनी निहिराला नीट वर सरकवून घेतलं.

आता काच निहिराच्या अगदी हातापाशी आली होती. आईकडे बघून ती हसली, आणि चाळीस दिवस शिकवल्याप्रमाणे तिने तळहात उगारला.

“एक,” ती म्हणाली.