बटण एक, सूर तीन

लिफ्टचं दार मिटता मिटता आधी एक लॅपटॉप आत घुसला आणि मागोमाग तो.

"कॉम्प्युटरवर पियानो वाजवायचा प्रोग्राम करणारं ऑफिस इथंच ना? त्या करणाऱ्याला चांगलं सुनावायचंय."

"सुनावा की. मीच ती."

तो गोरामोरा झाला. "म्हणजे... प्रोग्राम सुंदर आहे हो. फक्त—"

तो शाळेत संगीत शिकवायचा. दुपारी मुलांचा कार्यक्रम होता, पियानो म्हणून कॉम्प्युटरचे कीबोर्डच वाजवायचे होते. पण शाळेतले कॉम्प्युटर तीन तऱ्हांचे. तेच बटण दाबलं तरी एकावर 'सा', दुसऱ्यावर 'ग' आणि तिसऱ्यावर चक्क 'प'!

चूक माझीच होती. बटण दाबलं की कॉम्प्युटर प्रोग्रामला एक आकडा कळवतो, आणि एकाच बटणाचा आकडा प्रत्येक सिस्टिमवर वेगळा असतो. मी सगळीकडे माझ्याच मशीनचे आकडे धरले होते.

"उद्या बघ," ऑफिसात सगळं ऐकून दादा म्हणाला. माझा भाऊ, आणि ऑफिसचा मालकही तोच.

"कार्यक्रम आज आहे, दादा!"

मी त्या संगीतशिक्षकाबरोबर थेट शाळा गाठली. तो एकेक बटण दाबत गेला, मी प्रत्येक सिस्टिमचा वेगळा तक्ता बांधत गेले. आकडा कुठलाही येवो, प्रोग्रामनं बटणाची जागा ओळखायची आणि जागेवरून सूर.

"तुम्ही नेहमी स्क्रीनकडे बघूनच बोलता?"

"माणसांकडे बघितलं की चुका होतात माझ्या."

"मग... करा की एखादी."

माझं बोट घसरलं. खालची अख्खी ओळ उलटी भरली गेली आणि 'सा'च्या जागी 'नी' किंचाळला. दोघंही खो खो हसलो. बाहेर मुलं रांगेत उभी राहू लागली होती. मी घाईघाईनं ओळ सुलटी केली, त्यानं श्वास रोखून बटण दाबलं.

सा.

दुसऱ्यावर — सा. तिसऱ्यावर...

"सा!" तो ओरडलाच.

मुलांनी दणक्यात वाजवलं. तिन्ही तऱ्हांच्या कॉम्प्युटरांतून एकच सूर उठला, सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या काही थांबेनात. तो धावतच पडद्यामागे आला.

"उद्या ऑफिसला येऊ? तक्रार काही नाही... पण यायचंय."

"ऑफिसला कशाला? घरी ये. आईला सांगून ठेवते."

"ये?" तो चपापला. "'या' नाही?"

"ये," मी म्हटलं. "आणि लवकर ये."