सनईच्या लेबलाखाली

चुकलेल्या रेकॉर्डी जमवणं हा माझा छंद. भोक मधोमध न पडलेल्या, दोन्ही बाजूंना एकच लेबल चिकटलेल्या, लेबलावर लावणी आणि आत कीर्तन असलेल्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. चूक दिसली की तिचं कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. माझी बायको शीला म्हणते, "धड वस्तू तुमाला आवडतच न्हाई. म्हणून तर मला पसंत केली."

जुन्नरला तय्यबभाईंचं जुन्या रेडिओंचं दुकान आहे. असला माल ते माझ्यासाठी बाजूला ठेवतात. दिवाळीनंतर गेलो, तेव्हा त्यांनी एक रेकॉर्ड पुढे सरकवली. लेबल सनईचं.

"सनई न्हाई सर हिच्यात. बाईमाणूस बोलतंय, आपल्याच भागातलं. मी पुरती ऐकली न्हाई."

"का?"

"घेऊन जा तुमी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी चहाचा आग्रहही केला नाही.

अवसरीला घरी येऊन दुपारीच सुई टेकवली. आधी खरखर. मग भांड्यांचा आवाज, लसणाची फोडणी तडतडली आणि एक बाई गुणगुणू लागली. शीला मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. आमची लेक पाळण्यात असताना शीलानेच रचलेली चाल होती ती. बाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"आवाज माजाच हाय," ती हळूच म्हणाली. "पण म्हातारा."

लेबलावरच्या सालाप्रमाणे रेकॉर्ड आमच्या लग्नाच्याही आधीची. मी वायरी बदलल्या, दुसऱ्या प्लेयरवर लावून पाहिली. जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरही संशय घेतला. पण तिथल्या आभाळाकडे तोंड केलेल्या अवाढव्य तबकड्या नुसत्या ऐकतात, बोलत नाहीत.

संध्याकाळी पुन्हा लावली. या खेपेला शब्द वेगळे होते.

"अहो, तुमची ती सनईची रेकॉर्ड लावली आज. सनई कुठली? आपण दोघंच बोलत व्हतो तिच्यात. लई बरं वाटलं." मग आवाज म्हणाला, "तुमच्या फोटोचा हार सुकलाय. बदलते."

मी सुई उचलायला गेलो. शीलाने माझा हात धरला.

"राहू द्या. एकटी हाय ती."

मग रोज दुपारी ती रेकॉर्डीपाशी बसू लागली. आज काय रांधलं, शेजारच्या साळुबाईची गाय व्याली, सगळं सांगायची. आतून उत्तरं यायची. दोघी मिळून माझ्या पसाऱ्याला नावं ठेवायच्या. पलीकडच्या खोलीत मी पेपर वाचत असायचो. खरं सांगतो, मला भीती वाटत नव्हती. घर भरल्यासारखं वाटायचं.

एकदा नारायणगावहून लवकर परतलो. शीला प्लेयरवर वाकून दबक्या आवाजात विचारत होती, "कवा? कुठला म्हैना व्हता?"

मला पाहताच तिने सुई उचलली.

"काय म्हणाली ती?"

"काय न्हाई. चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड लावली, तर नुसती सनई. स्वच्छ, सुरेल, लेबलावर लिहिलेली.

शीला मात्र आता रोज माझ्या आवडीचंच रांधते. जेवताना समोर बसून बघत राहते.

काल मी सहज म्हणालो, पडवीचे पत्रे पुढच्या उन्हाळ्यात बदलू.

"पुढच्या कशाला?" ताटात भाकरी वाढत ती म्हणाली. "ह्याच आठवड्यात बदलू."