येथे पत्ता विचारू नये

पोलंडहून आलेल्या त्या विद्यार्थ्यांना पुण्यात सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर परवीनच्या दुकानावरची पाटी. शनिवारवाडा त्यांनी शिस्तीत पाहिला, लाल महालात माना डोलावल्या. पण बुधवार पेठेतल्या बोळात 'येथे पत्ता विचारू नये' हे स्वतःचं स्वतः वाचता आलं, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! दोन वर्षं तिकडे कॉलेजात मराठी शिकले होते बिचारे. प्रत्येकानं पाटीचा फोटो काढला.

"पण हरवलेल्या माणसाने काय करावे?" अगातानं विचारलं. तिचं मराठी पुस्तकातलं, इस्त्री केलेलं.

"हरवायच्या आधी विचार करावा," परवीन म्हणाली.

मुलं हसली. परवीन हसली नाही.

पाटी तिनंच लावली होती. आधी तिथे 'हुसेन वॉच रिपेअरिंग' होतं. पुण्यात पत्ता विचारणाऱ्याच्या पदरात काय पडतं ते सांगायला नको. पण तिचा नवरा हुसेन त्यातला नव्हता. कुणी चिठ्ठी पुढे केली, की हा हातातलं घड्याळ उघडं टाकून, भिंग कपाळावर सरकवून, माणसाला थेट दारापर्यंत पोचवायला जायचा. एका दुपारी निळी पिशवी घेतलेल्या बाईनं पत्ता विचारला. "एवढा पत्ता दाखवून येतो," म्हणत तो पायरी उतरला, तो गेलाच. त्याला सात वर्षं झाली. परवीननं पोलीस चौक्या, दवाखाने, दर्गे, सगळं पालथं घातलं. मग रडणं आटलं आणि राग तेवढा उरला. लोकांना वाट दाखवायची एवढी हौस, तर स्वतःच्या घराची वाट बरी विसरला मेला!

पोटासाठी ती आता परदेशी मुलांना गाव दाखवत हिंडायची. दुकानात दीर गुलजारनं मोबाइलची कव्हरं मांडली होती. आज संध्याकाळी त्याच्याकडे वकिलाचे कागद येणार होते. हुसेन मेला असं धरावं, असा कोर्टाला अर्ज. तिची सही झाली की दुकान विकायला मोकळं. सही करायची, हे तिनं ठरवलं होतं.

जेवणानंतर तिनं मुलांना तुळशीबागेत मोकळं सोडलं आणि मंडईच्या दारात जमायला सांगितलं. दर खेपेला एखादं पोर हरवायचंच, आणि मग त्याला शोधताना तिची वणवण व्हायची. आज मात्र एकेक जण वेळेत हजर.

"एक काका सोडायला आले," पहिला म्हणाला.

दुसरीलाही काकांनीच सोडलं होतं. तिसऱ्यालाही. वेगवेगळ्या बोळांतून, जवळपास एकाच वेळी. कोपऱ्यापर्यंत यायचे, मंडई दाखवायचे आणि मागे वळायचे.

"त्यांच्या कपाळावर काच होती," एक मुलगा म्हणाला. "डॉक्टर असावेत."

कुणी थट्टा करतंय म्हणावं, तर या मुलांना हुसेनचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. परवीन कोपऱ्यावर धावली. तिथे पेरूची हातगाडी होती आणि नेहमीची गर्दी.

अगाता सगळ्यांच्या शेवटी आली. एकटीच. तिचा चेहरा उतरला होता.

"त्यांनी मला विचारले, परवीनचे दुकान कुठे आहे? रोज शोधतो, सापडत नाही, म्हणाले. मला सकाळचा बोळ आठवत होता. म्हणून मीच त्यांना घेऊन गेले."

"मग?"

"त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग 'माफ करा' म्हणाले आणि परत फिरले."

"अगं, थांबवायचं नाहीस का त्यांना?"

"एक बाई त्यांच्यासाठी उभ्या होत्या. निळी पिशवी होती त्यांच्याकडे. त्या त्यांना घेऊन गेल्या."

मुलांना मंडईत तसंच सोडून परवीन धावत सुटली. फार मोठी चूक झाली होती, आणि ती तिच्याच हातांनी खिळे ठोकून झाली होती.

दुकानात गुलजार कागद मांडून बसला होता. "या भाभी. इथं फक्त सही करायची."

तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि पाटी दोन्ही हातांनी उपटून काढली. बोटातून रक्त आलं.

"अहो ताई, जरा पत्ता दाखवता का?"

परवीननं वळून पाहिलं.

निळी पिशवी. पुढे केलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"चला," परवीन म्हणाली.

गुलजारनं कागदांतून मान वर केली. "भाभी, कुणाशी बोलताय?"

तिनं पाटी पायरीवर उपडी ठेवली आणि पायांत चपला सरकवल्या.

"एवढा पत्ता दाखवून येते," ती म्हणाली.