डोंगऱ्याची टाच

“घार ना? डोंगऱ्याच्या एका बुक्कीत आडवी होईल.”

जुन्या कॉमिक्सच्या दुकानात, मागच्या कपाटापाशी उभा राहून एक उंच तरुण दुकानदाराला हे ऐकवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का नाही जाणार? घार माझी होती, आमच्या कंपनीची सुपरहिरोईन; डोंगऱ्या दुसऱ्या कंपनीचा. गेली पाच वर्षं दर महिन्याच्या अंकात तिचे पंख, तिची नखं, तिचं ते तिरकं हसू मीच काढत होते. पण हे सांगून भाव खायचा नव्हता. त्याला नुसत्या मुद्द्यांवर लोळवायचं होतं.

“बुक्की लागायला ती जागेवर तर हवी,” मी म्हटलं. “तुमचा डोंगऱ्या मान वर करेपर्यंत घार त्याच्या पाठीमागे असते.”

त्यानं वळून पाहिलं. डोळ्यांत आधी आश्चर्य… मग खोडकर चमक.

“वळताना ती पंख मिटते. तेवढ्यात सापडते.”

“हवेत सापडते. आणि डोंगऱ्याची टाच उचलली की वार पोकळ होतो, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की त्याची ताकदही जाते आणि ते डोंगराएवढं वजनही. उरतो साधा माणूस. की हे सोयीस्करपणे विसरलात?”

“तो उडी मारतच नाही. आजवर कधी मारली नाही.”

“मग बस म्हणावं वाट बघत.”

तो मोकळेपणानं हसला. ते हसू बरं होतं, हे मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं.

“तुम्ही कॉमिक्समध्ये काम करता का?” मी विचारलं.

“मी? छे, मी आपला साधा वाचक.”

हे म्हणताना त्याची डावी टाच उचलली गेली आणि हलत राहिली. मला माणसाच्या चेहऱ्याइतकेच त्याचे पाय दिसतात, चित्रकाराची खोडच ती. मी ते पाहिलं आणि विसरून गेले.

सोमवारी तो साधा वाचक आमच्या ऑफिसात, माझ्याच टेबलासमोर बसलेला. डोंगऱ्याचा चित्रकार होता तो.

त्यांची कंपनी आमच्या कंपनीत सामील झाली होती. संपादकबाईंनी चष्मा पुसत एका दमात सगळं सांगून टाकलं. “दोन मासिकं काही चालवता येणार नाहीत. शेवटचा एक क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांचा एकत्र अंक काढायचा, घार विरुद्ध डोंगऱ्या. जो जिंकेल त्याचं मासिक राहील, दुसऱ्याचं बंद. लढाई तुम्ही दोघांनी ठरवा. पण निकाल वाचकांच्या गळी उतरला पाहिजे. त्यांना दोघांची ताकद आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे.”

घार बंद… मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

काम सुरू झालं. एकच टेबल, एकच पान. त्यानं डोंगऱ्याचा वार काढायचा आणि पान माझ्याकडे सरकवायचं. मी घारीचा प्रतिवार काढून परत पाठवायचं. काचेवर पाऊस टपटपायचा, चहा निवून जायचा आणि आम्ही मान खाली घालून भांडायचो.

“इतक्या जवळ कशाला आणलास त्याला?”

“मारामारी आहे. लांबून कशी करणार?”

“आणि तो तिच्या डोळ्यांत काय बघतोय?”

“पुढचा डाव,” तो म्हणाला… पण बघत माझ्याकडे होता.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलं नाही. घरी ताईला मात्र लगेच कळलं. “रोज गालात हसत येतेस,” ती म्हणाली. “लढाई चाललीय की लाडीगोडी?” मी तिला उशी फेकून मारली.

आणि मग ते पान आलं. दरीच्या काठावर दोघं समोरासमोर, डोंगऱ्यानं बुक्की उगारलेली. पण त्याची डावी टाच जमिनीवरून उचललेली होती. म्हणजे वार पोकळ. म्हणजे घार सहज जिंकणार.

“टाच सुटलीय,” मी म्हटलं.

“हो का? चुकून झालं.”

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. त्याची स्वतःची डावी टाच वर होती आणि हलत होती.

“खोटं बोललास की तुझी टाच उचलते. दुकानातही उचलली होती. आज डोंगऱ्यालाही तीच दिलीस.”

तो हळूच म्हणाला, “घार बंद पडली तर तुझं काय होईल… मला नाही बघवणार ते.”

“म्हणून भीक घालतोस?” माझे डोळे भरून आले, आणि त्या रडण्याचाच राग जास्त आला. “आजवर मी तिला कुणाच्या मेहेरबानीवर उडवलेलं नाही.”

मी रबर घेतलं, डोंगऱ्याची ती टाच खोडली आणि जमिनीत घट्ट रोवून काढली. आता बुक्कीला वजन आलं. मग माझी पाळी. घार वळली, वळताना पंख मिटले… दुकानात तो बोलला होता ते खरंच होतं. बुक्की लागली. माझी घार दरीत कोसळली, आणि ते मी माझ्या हातानं काढलं.

“हरली,” म्हणत मी पान सरकवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागे त्याची पेन्सिल बराच वेळ चालत होती.

“बघ,” तो म्हणाला.

शेवटच्या पानावर डोंगऱ्यानं दरीत उडी टाकली होती. दोन्ही पाय हवेत.

“पुन्हा तेच?”

“नाही. ती टाच खोटी होती, ही उडी खरी आहे. घार कोसळत असताना तो काठावर उभा राहील? इतकी वर्षं काढतोय मी त्याला. नाही राहणार.”

मी डोंगऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरंच, नसता राहिला. आता तो साध्या माणसासारखा खाली येत होता आणि पेन्सिल माझ्या हातात होती. मी घारीचे पंख उघडले आणि तिला त्याचं मनगट धरायला लावलं.

संपादकबाईंनी पानं दोनदा पाहिली. “जिंकलं कोण?”

“डोंगऱ्या,” मी म्हटलं. “वार त्याचाच लागला.”

“घार,” तो म्हणाला. “शेवटी तिनंच तारलं.”

“यावर वाचक वर्षभर भांडतील,” बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. “एकच मासिक काढू, दोघांचं. तुम्ही मात्र हे भांडण मिटवू नका.”

त्या गेल्या. तो पेन्सिलीशी चाळा करत राहिला.

“म्हणजे… आता एकत्रच काम. पण मला नुसतं काम नकोय. तू… तू मला आवडतेस. फार.”

मी टेबलाखाली वाकले.

“काय बघतेस?”

त्याच्या दोन्ही टाचा फरशीला घट्ट टेकलेल्या होत्या. थरथरत होत्या त्या माझ्या.

“तूही मला आवडतोस,” मी वर येत म्हटलं. “पण मोकळ्या मैदानात घार त्याला लोळवेल.”

“लोळवू दे,” तो म्हणाला आणि त्यानं माझं मनगट धरलं.