सोपी गाणी, अवघड आत्या

चंद्रपूरची बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि संघप्रिया राजुऱ्याच्या बसस्टँडवर हात हलवत उभी राहिली. तेवढ्यात स्टँडमागच्या गाळ्यातून गाणं ऐकू आलं. आधी एक पुरुष, मग लगेच एक बाई... पण ती बाई काही केल्या बाई वाटेना! तिनं डोकावून पाहिलं. आत एकच तरुण होता. नायकाची ओळ झाली की तो खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घ्यायचा आणि नायिकेची ओळ नाकातून काढायचा.

संघप्रिया कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून बसून तिला आवाज न करता हसायची सवय लागली होती. त्या दिवशी मात्र सवय कामी आली नाही.

"कराओकेचा ट्रॅक तपासून राह्यलो," टॉवेल घाईघाईनं खाली ओढत तो म्हणाला. "हिरोईन भेटत नाई, मंग दोघांचंही मलेच गावं लागते."

"नाई भेटली तेच बरं हाये. तुमचं ऐकून पळाली असती."

"तुम्ही तर नाई पळाल्या..."

"माही बस गेली म्हणून!"

असं म्हणून ती तिथंच उभी राहिली. पुढची बस आली, तीही गेली.

त्याचं नाव कुलदीप. साउंड सर्व्हिस त्याची स्वतःची. दिवाळी ते होळी मात्र तो झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगाव खेळ करणाऱ्या, नाटक कंपनीत ऑक्टोपॅड वाजवायचा. आणि संघप्रिया चंद्रपूरला निघाली होती ती नेमकी कराओकेच्याच शोधात! तिची भाची रश्मी तेरा वर्षांची होणार होती. तिला ना फुगे हवे होते ना नाच. मैत्रिणींसोबत माईक धरून गायचं होतं. रश्मीच्या बाबांनी, म्हणजे संघप्रियाच्या दादानं, दोन अटी घातल्या होत्या. गाणी पोरींना जमतील अशी सोपी हवीत आणि वयाला शोभणारी हवीत. निवडीचं काम त्यानं बहिणीवर ढकललं, कारण दिवसभर पुस्तकं निवडणाऱ्या बाईला गाणी काय जड!

"मंगळवारी पोरींले घेऊन या," कुलदीप म्हणाला.

मंगळवारी पोरी आल्या. त्यांच्या मनातली गाणी अशी, की गाता गाता दवाखान्यात न्यावं लागलं असतं. कुलदीपनं ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, "गाणं राहू द्या. घरी आईले कशी हाक मारता, तशी मारून दाखवा."

"आईऽऽ!" रश्मी ओरडली. पानठेल्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली.

कुलदीपनं कीबोर्डवर एक पट्टी दाबली. "हा तुझा सूर. याच्या वर जाचं नाई. ओळ आखूड पाहिजे, मधात श्वासाले जागा पाहिजे, अन् धृपद असं पाहिजे की तू विसरली तरी मैत्रीण धरून घेईल. झालं सोपं गाणं!"

माणूस डोक्यावर टॉवेल घेत असला तरी डोक्यानं बरा आहे, असं संघप्रियाच्या मनात आलं.

पोरी घरी गेल्या आणि निवड समिती कामाला बसली. एक इअरफोन, एक टोक तिच्या कानात, एक त्याच्या. अडचण एवढीच होती की जगातली सगळी सोपी गाणी प्रेमाची निघाली. दोघंही पोस्टमास्तरासारखी गंभीर तोंडं करून ती ऐकत होती.

"यात मिठी हाये. बाद," संघप्रिया म्हणाली.

"एकदाच हाये ना."

"तेरा वर्षांच्या पोरीले एकदाही पुष्कळ हाये."

"मंग मैत्रिणीलेच मारते समजू. वाढदिवस हाये तिचा, मिठी तर मारतीलच."

संघप्रियाला हसू आलं. सहा गाणी हवी होती आणि खरं सांगायचं तर दिवेलागणीपर्यंत सहाही मिळाली होती. आता हो म्हटलं की काम संपलं. मग पुन्हा या गाळ्यात पाऊल टाकायला कारण कोणतं? इअरफोनची तार तर अगदीच आखूड होती... आणि वाढदिवसाला अजून तीन आठवडे होते. तिनं कानातलं टोक काढून त्याच्या हातात दिलं.

"नाई जमत. शुक्रवारी पाहू."

शुक्रवारी कुलदीपनं नवी गाणी काढून ठेवली होती. तीही नापास झाली. त्यानंतरच्या मंगळवारीही तेच.

"यात नदी हाये. आमच्या पोरींले पोहता नाई येत."

"गाण्यात कोणी बुडते काय मॅडम?"

"अन् यात चंद्र लय वेळा येते."

"बरं... अमावस्येचं पाहतो एखादं."

पहिल्यांदा तो हसला, मग नुसता मान हलवायला लागला. इकडे रश्मी रोज विचारायची, "आत्या, तू गाणे निवडून राह्यली का बोर्डाचे पेपर तपासून राह्यली?" संघप्रिया काय सांगणार! ती प्रेमात पडली होती, अगदी गळ्यापर्यंत, आणि ते तोंडानं निघत नव्हतं, म्हणून बिचारी गाणी नापास करत सुटली होती. समोरच्याला मात्र वाटत होतं की नापास आपण होतोय.

शेवटच्या शुक्रवारी कुलदीपनं तिच्यासमोर पेनड्राइव्ह ठेवला. "तुमाले माही पसंती आवडत नाई, ते समजलं मले. तरी यात सहा गाणे टाकले हायेत, पोरींच्या सुरात बसवून. रविवारी लोकेश येईल मशीन घेऊन. माह्या हाताखालचाच हाये."

"अन् तुम्ही?"

"मी रविवारी नाटक कंपनीच्या गाडीनं वडस्याले चाललो. आता होळीपर्यंत तिकडेच."

बोलायचं ते ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते असं : "स्पीकर वेळेवर पाठवजा." घरी येईपर्यंत ती स्वतःला शिव्या देत होती.

रविवारी दुपारी घरी लोकेशनं पहिलं गाणं लावलं आणि संघप्रियानं ते लगेच ओळखलं. तेच गाणं! पहिल्या मंगळवारचं, मिठीवालं. पाठोपाठ दुसरंही त्याच दिवसाचं. लोकेशच्या यादीत सहाही तीच होती. पोरी काय गात होत्या! रश्मी दुसरी ओळ विसरली तर शेजारचीनं उचलली, कुणाला दम लागला नाही, कुणाचा आवाज फाटला नाही. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की तक्रारीला तसूभर जागा नव्हती. आणि तक्रार केल्याशिवाय त्या माणसाशी बोलायचं कसं, हे संघप्रियाला ठाऊक नव्हतं.

ती मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड गेली आणि तिनं फोन लावला.

"हॅलो... सूर किती खाली घ्यायचा? पोरींचा आवाज पोचून नाई राह्यला."

पलीकडे गाडीचा घरघराट. मग कुलदीप म्हणाला, "मॅडम, मले इथपर्यंत ऐकू येऊन राह्यलं. मस्त गाऊन राह्यल्या ना."

सबब गेली. आता उरलं ते खरं.

"कुलदीप... हे सहाही गाणे मले पहिल्याच दिवशी पसंत होते."

"मंग नापास काऊन केले?"

"पास केले असते तर शुक्रवारी कोणत्या तोंडानं आले असते मी तुमच्याकडे?"

संघप्रियाला वाटलं, फोन ठेवून टाकीतच उडी मारावी. तेवढ्यात तिसराच एक भारदस्त आवाज गरजला, "अबे, गाडी थांबवा!"

"कोण... कोण बोलून राह्यलं?"

"मी सोमाजी, बाई. कंपनीतला खलनायक. याच्या फोनचा स्पीकर बंदच होत नाई, साऱ्यांनी ऐकलं आम्ही." मग तो कुलदीपवर ओरडला, "उतर बे! दोन दिवस तुझं ऑक्टोपॅड मी बडवतो. जिंदगीभर स्टेजवर लोकांच्या जोड्या तोडल्या म्या, एक तर जोडू दे!"

"कुठी हायेत तुम्ही?" संघप्रियानं घाबरत विचारलं.

"वर्धा नदीच्या पुलावर," कुलदीप म्हणाला. त्याचा आवाज नायिकेच्या ओळीसारखा बारीक झाला होता. "केक कापू नका."

केक थांबला. बल्लारपूरकडून खाणीकडे परतणारा एक रिकामा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यातून भुवयांपासून बुटांपर्यंत कोळशाच्या धुळीनं माखलेला कुलदीप खाली उतरला. पोरींची गाणी बंद पडली. संघप्रिया दारात आली.

"फोनवर बोलल्या ते... परत एकदा बोलता काय? गाडीत लय आवाज होता."

"सोमाजींले विचारा. त्यांनी बरोबर ऐकलं." ती हसली आणि ओढणीच्या टोकानं त्याचं कपाळ पुसू लागली. "तोंड तर दिसू द्या. दादाले भेटायचं हाये."

दादा मागेच उभा होता. "हा कोण?"

संघप्रिया वळली. ग्रंथालयात तिचा एवढा मोठा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

"दादा, हा कुलदीप. याले मी निवडलं."

दादानं त्या काळ्या ध्यानाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि एक खुर्ची पुढे सरकवली. रश्मीला मात्र राहवेना. तीन आठवडे तिनं सोसलं होतं.

"आत्या! नदीची चूक काढली, चंद्राची काढली. अन् याची एकही नाई?"

"लय हायेत," संघप्रिया म्हणाली. "त्या मी घरी सावकाश काढत बसीन."