दस्त्यावरचे तीन खड्डे

भडगावात पलंग-देव्हाऱ्यांना पॉलिश करणारे पुष्कळ, पण बंदुकीचा दस्ता चकचकीत करावा तो झिपरूआबांनीच. म्हणून हितेंद्रभाऊंनी लिंबूबागेतल्या राखणीची रायफल उघडून नुसतं लाकूड तेवढं आणलं.

"आबा, परवान्यानी तपासणी शे. नवरीसारखी चमकवा," म्हणत भाऊ ओट्यावरच्या खाटेवर ऐसपैस बसले. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आबांचा मुलगा ज्ञानेश्वर याच भाऊंच्या बागेत राखणीला होता. दिवाळीनंतर तो विहिरीत पडून गेला, असं भाऊंनीच येऊन सांगितलं. मनगट मोडलेलं, कपाळ दोन ठिकाणी फुटलेलं. विहिरीचे दगड लागले असतील, म्हणाले. आबांनी मानलं. न मानून जाणार कुठे?

आबा जुना रंग खरवडू लागले. खाली कुणीतरी भोकं बुजवायची लांबी भरली होती. ती निघाली आणि लाकडातले तीन खड्डे उघडे पडले. दोन खोल, गुळगुळीत. तिसऱ्यात पिळाची नक्षी.

आबांचा हात थांबला. तो पीळ ज्ञानेश्वरच्या हातातल्या कड्याचा होता. मार अडवायला हात आडवा धरल्याशिवाय ती नक्षी तिथे उमटेल कशी?

"काय व्हयनं, आबा?"

"काही नही, भाऊ. खड्डा पडेल शेतस. वर काढना पडतीन."

लाकडाचा खड्डा वाफेनं वर येतो. ओलं फडकं ठेवायचं, वरून तापली इस्त्री दाबायची, दबलेलं लाकूड फुगतं. आबांनी नक्षीवर फडकं ठेवलं. इस्त्री टेकवली. चर्र... वाफेला लाकडाचा वासच नव्हता. शेवाळल्या पाण्याचा वास होता...

खाटेवर भाऊ किंचाळले. त्यांच्या मनगटात पीळ खोल रुतला होता, अन् पंजा भलतीकडेच लोंबत होता.

आबांनी फडकं उचललं. नक्षी गेली होती. लाकूड सपाट, कोरं.

"आबा... ठेवा ती इस्त्री... पाया पडतो..." भाऊंना उठायचं होतं, पण पाय हलेनात.

आबांनी फडकं पुन्हा भिजवलं. सावकाश पिळलं.

"बसा ना, भाऊ. आजून दोन बाकी शेतस."

आतून बायको ताईबाईंनी हाक मारली, "अहो, लाईट त सकायपासून गयेल शे. इस्तरी कशी तापनी तुमनी?"

आबांनी खाली पाहिलं. इस्त्रीच्या मुठीवर त्यांच्या हाताशेजारी आणखी एक हात होता. ओला... गार... आणि तोच दाब देत होता.