हेडवरचा भंडारा

"आई, काटा बघ! लालवर गेला!" स्वराली ओरडली.

सारजाने पिकअप झटकन रस्त्याच्या कडेला घेतली. बॉनेटच्या फटींतून भसाभस वाफ निघाली. मागे पेरूचे क्रेट भरलेले, आणि बारामतीचा बाजार अजून लांब!

"परत?" स्वरालीचा धाकटा भाऊ यशराज वैतागला. "आत्ताच तर नवीन हेड घातलं की!"

हेड म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचा जड ठोकळा. ते तडकलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन तापून बंद पडतं. या जुन्या पिकअपचं हेड असंच तडकलं होतं. सारजाने नवं विकत आणून मानसिंग मिस्त्रीच्या हातात दिलं होतं. आणि आज पुन्हा तीच रड!

सोनबातात्या ट्रॅक्टर घेऊन आले, ते भाषण तयार ठेवूनच. तात्या म्हणजे मुलांचे थोरले चुलते. त्यांनी जन्मात पिकअप चालवली नव्हती, पण ती कशी चालवावी हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसे! मुलांचे वडील माळेगावच्या कारखान्यात नोकरीला, त्यामुळे घरात तात्यांचाच शब्द शेवटचा.

"मी म्हणत हुतो का न्हाय? बाईमाणसाचं काम हाय व्हय ह्ये? भिगवणचं गिऱ्हाईक तयारच हाय. मिस्त्रीनं तुझी चूक काढली, की उद्याच गाडी इकायची!"

सारजा बॉनेट उघडून मागचे क्रेट बघायला गेली. स्वरालीला मात्र रागाने रडू फुटलं. स्टिअरिंगवर बसली की आई गाणी म्हणायची. घरात ती कधीच म्हणत नसे. गाडी गेली की गाणीही गेली!

"रडतीस काय? इंजिन निवलंय, चल बघू," संस्कृती म्हणाली. ही त्यांची मामेबहीण, इंदापूरहून दिवाळीच्या सुट्टीला आलेली.

तात्या दोर शोधत होते, तेवढ्यात यशराजने ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल कुठलं, पट्टीला दुधाळ चहा लागला होता!

"म्हंजे पाणी अजून ऑइलात जातंय! मग नवीन हेड करतंय काय?"

स्वराली वाकली. हेड चंदेरी चकचकत होतं. तिने नखाने खरवडलं, तर चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली दिसलं जुनं, काळं लोखंड.

"आन् भंडारा कुठाय?" ती कुजबुजली.

तिघं एकमेकांकडे बघतच राहिली. आजा-पणजा मेंढरं राखायचे तेव्हापासूनची घरची रीत होती. घरात नवीन काहीही आलं, की आधी बिरोबाचा भंडारा, म्हणजे हळद. सारजाने नव्या हेडच्या पुढच्या खाचेत ओल्या बोटाने भंडारा चांगला दाबून लावला होता. मानसिंग तेव्हा खो खो हसला होता. "लोखंडाला काय कळतंय, वहिनी!"

"आईला सांगू?" यशराजने विचारलं.

"आत्ता नको," स्वराली म्हणाली. "तात्या ऐकायचे न्हाईत. आधी नवीन हेड हुडकू!"

ट्रॅक्टरने ओढत गाडी गॅरेजवर आली. दारावर मानसिंगचाच भलामोठा फ्लेक्स होता. डोळ्यांवर गॉगल, हाताची घडी, आणि खाली लिहिलेलं 'इंजिनसम्राट'! सम्राट खुर्चीत बसून मोबाइल बघत होते. शेजारी दादासाहेब नावाचे बडे बागायतदार आपली पिकअप न्यायला आले होते. तीही तशीच जुनी, त्याच कंपनीची.

मानसिंगने सारजाच्या गाडीकडे लांबूनच पाहिलं. उठायचे कष्ट कोण घेणार!

"बघायचंय काय त्यात? बाईनं पाण्याबिगर गाडी पळवली. नवीन हेड जाळलं!"

"ऐकलंस?" तात्या सारजाकडे वळले. ते जणू या वाक्याचीच वाट बघत होते.

"पाणी मी रोज बघते," सारजा म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही.

यशराजने मोबाइल वर धरला. "मानसिंगमामा, तुमच्या कामाचा व्हिडिओ काढू? दादासाहेबांच्या गाडीचं बॉनेट उघडा की! सगळ्या तालुक्याला दाखवतो!"

स्तुती ऐकली आणि उठता न येणारे सम्राट टुणकन उठले. भांग नीट करून त्यांनी बॉनेट उघडलं. "बघा! ह्याला म्हंत्यात काम! दादासाहेब काल सकाळी म्हनले, कुठूनबी हेड आन. दुपारी बसवलं!"

"अन् हे पिवळं काय लागलंय?" संस्कृतीने खाचेत बोट दाखवलं.

मानसिंगचा चेहरा पडला. "ते... कंपनीचा रंग हाय. पोरींना काय कळतंय त्यातलं!"

"रंग हाय व्हय?" स्वरालीने गॅरेजमधली हात धुवायची साबणपूड ओल्या फडक्यावर घेतली आणि खाचेतल्या पिवळ्यावर घासली. फडकं लालभडक झालं!

"साबणानं लाल हुती ती हळद! शाळेत करून बघितलंय आमी. कंपनी हेडला हळद लावती का, मामा? ह्ये आमचं हेड हाय! आमच्या गाडीत जुनंच रंगवून घातलंय!" तिने सोलून आणलेला चंदेरी पापुद्रा तात्यांच्या तळहातावर ठेवला.

सम्राटांना फसवताही धड येत नव्हतं. चोरीचा माल पुसून घ्यायचासुद्धा आळस! मानसिंग फडक्याकडे बघत पुटपुटला, "दादासाहेबांना घाई हुती... आन् बाई कशाला बॉनेट उघडून बघतीया, असं वाटलं..."

"मला काय ठाऊक हेड कुणाचं!" दादासाहेब घाईघाईने म्हणाले. 'कुठूनबी आन' म्हणताना मात्र त्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं.

"काढा ते," सारजा म्हणाली. "आन् माझ्यासमोर बसवा."

ती फळीवर बसली आणि मानसिंगचा प्रत्येक बोल्ट नजरेखालून जाऊ लागला. एकदा तो खालची जागा न पुसताच गॅस्केट, म्हणजे हेडखालचा पातळ पत्रा, बसवायला निघाला, तेव्हा सारजाने नुसता घसा खाकरला. सम्राटांनी मुकाट्याने फडकं उचललं.

"हुशार पोरं हो! नाव काढतील!" दादासाहेबांनी यशराजची पाठ थोपटली. यशराजने पाठ हळूच बाजूला घेतली.

तात्यांची शाबासकी मात्र अडखळत आली. "स्वराले, बरं केलंस, बाळा. म्या येड्यावानी त्या फ्लेक्सवर इश्वास ठिवला. सारजा, माझं चुकलं."

गाडी सुरू झाली. काटा जागेवर राहिला. पुढे तिघं मुलं दाटीवाटीने बसली होती, त्यामुळे ट्रॅक्टर गॅरेजवरच ठेवून तात्या मुकाट्याने मागे पेरूंच्या क्रेटमध्ये चढले.

"तात्या, त्या भिगवणच्या गिऱ्हाइकाला फोन करा," सारजा खिडकीतून म्हणाली.

"काय सांगू?"

"सांगा, गाडी कामावर गेली!"

तिने गिअर टाकला. वळण संपायच्या आत आईचं गाणं सुरू झालं होतं, आणि मागून तात्या बेसूर साथ देत होते.